एकशे तीनच्या आत
सायलेन्सरच्या शेडमधला एक दिवस

पहाटे ५.४५

जाग येते तीच डाव्या कानातल्या शिट्टीने. बारीक, एकसुरी, कधीच न थांबणारी. सायलेन्सरच्या कामात माझी छत्तीस वर्षं गेली आणि त्यातली पहिली वीस वर्षं मी कानात साधा कापसाचा बोळाही घातला नाही. आतल्या कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. आवाज कमी करणं हा ज्याचा धंदा, त्यानेच आपले कान जपले नाहीत. हाताखाली येणाऱ्या प्रत्येक पोराला ही माझी चूक मी पहिल्याच दिवशी सांगतो.

जेल रोडला या वेळी दुधाच्या गाड्या आणि लांबून रेल्वेचा भोंगा, एवढंच. चहा घेताना आजच्या कामाची वही उघडतो. देवळाली कॅम्पकडच्या एका तरुणाची जुनी होंडा सिटी आहे, पंधराशे सीसीची, चार सिलिंडरची. त्याने तिला रॅलीसाठी तयार केलंय. आयोजकांच्या पत्रातली एक ओळ मी वहीत उतरवून घेतली आहे: ३५०० फेऱ्यांना १०३ डेसिबलच्या आत. आंतरराष्ट्रीय रॅलीच्या नियमांतही पेट्रोल गाडीला हाच आकडा आहे. रॅलीत वेगाचे टप्पे बंद रस्त्यावर होतात, पण एका टप्प्यापासून दुसऱ्यापर्यंत गाडी लोकांच्या रस्त्यानेच जाते, गावांतून, शाळांसमोरून. म्हणून ही अट. ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ आपल्या नाशिकच्या मातीत धावलेली आहे, त्यामुळे इथल्या पोरांना या खेळाचं वेड नवीन नाही.

सकाळी ६.५०

मुलीला स्टेशनवर सोडलं. ती पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाते. नाशिक रोडची निम्मी सकाळ या गाडीच्या वेळेवर चालते. उतरताना तिने स्कूटरच्या डिकीतले हेडफोनसारखे कान झाकायचे मफ काढून माझ्या गळ्यात अडकवले. “पप्पा, ग्राइंडर हातात घेतलात की हे आधी.” तिच्या पहिल्या पगारातून आणलेले आहेत ते. आठ तास काम करायचं तर ८५ डेसिबलपर्यंत कान सुरक्षित, आणि पुढे दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो, हा हिशेब तिनेच मला लिहून दिला होता. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला पाव तास. ग्राइंडर शंभराच्या आसपास असतो. म्हणजे माझा दिवसभराचा वाटा पंधरा मिनिटांत संपतो.

सकाळी ७.३०

शेड सिन्नर फाट्याच्या पुढे, पुणे रस्त्याला लागून आहे. पण आवाज शेडमध्ये मोजायचा नसतो. तिन्ही बाजूंचा पत्रा आवाज परत फेकतो आणि मीटर भलताच आकडा दाखवतं. म्हणून आम्ही चेहेडीच्या बाजूला दारणा नदीकडच्या एका मोकळ्या जागेत जातो. चारही बाजूंना तीन मीटरच्या आत भिंत नाही, मोठी गाडी नाही, माणूस नाही.

माझ्याबरोबर एक पोरगा आहे, सातपूरच्या आयटीआयमधून वेल्डरचा ट्रेड केलेला. मीटर कसं धरायचं ते त्याला आता सांगावं लागत नाही. आधी मीटरच्या तोंडावर कॅलिब्रेटर बसवायचा. तो १००० हर्ट्झचा ९४ डेसिबलचा सूर देतो, मीटरने ९४ च दाखवले पाहिजेत. मग वाऱ्यासाठी स्पंजची टोपी. मग अर्ध्या मीटरची लाकडी पट्टी. तिच्या एका टोकाला ४५ अंशांचा काप आहे, तो सायलेन्सरच्या तोंडाला लावला की मीटर कुठे उभं करायचं ते ठरतं. उंची पाइपाच्या तोंडाएवढी. या पट्टीला पोरं सुरुवातीला नाक मुरडतात. पण अंतर निम्मं झालं की सहा डेसिबल वाढतात, दुप्पट झालं की सहा उतरतात. एक वीत इकडेतिकडे झाली तर सगळं मोजमाप वाया.

रस्त्यावरचा ट्रक जाऊ दिला, आजूबाजूचा आवाज मोजला: ५८. गाडीच्या आवाजापेक्षा तो किमान दहाने कमी असावा लागतो, नाहीतर तोही आकड्यात मिसळतो. पोराने गाडी रेस केली, काटा ३५०० वर धरला, सोडला. तीन वेळा.

१०८.४. १०८.९. १०८.६.

मालक कडेला उभा होता. म्हणाला, “काका, पाच-सहाच तर जास्त आहे.” मी त्याला सांगितलं, डेसिबल किलोसारखे मोजायचे नसतात. तीन वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट. सहा म्हणजे चौपट. दहा म्हणजे दसपट, आणि कानाला तेव्हा कुठे तो दुप्पट वाटतो. आपल्याला पाच-सहा उतरवायचे म्हणजे या पाइपातून बाहेर पडणाऱ्या आवाजाचे चार हिस्से करून तीन आतच जिरवायचे आहेत. आणि मला १०३ नको, १०० च्या खाली हवेत. तपासणीच्या दिवशी मीटर त्यांचं असेल, जागा त्यांची असेल.

सकाळी ९.१५

शेड उघडताच पहिलं गिऱ्हाईक दारात. प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका, छोटी मारुती घेऊन. नाशिक रोडला ‘प्रेस’ म्हटलं की दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ ची, करन्सी नोट प्रेस १९२८ ची, इथल्या पिढ्या त्यांवर वाढल्या. काका वैतागले होते. “अहो, गाडी सात वर्षांत तीस हजारसुद्धा चालली नाही. इतकी जपून वापरतो, तरी सायलेन्सर सडला कसा?”

जपून वापरली म्हणूनच सडला. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात सायलेन्सर तापतो आणि हे पाणी वाफ होऊन बाहेर जातं. काका घरापासून बिटको चौकापर्यंत भाजीला जातात, दीड किलोमीटर जाऊन परत येतात. तेवढ्यात डबा तापतच नाही. पाणी तळाशी साचतं, त्यात धुरातलं आम्ल मिसळतं आणि पत्रा आतून खातं. डब्याच्या खालच्या अंगाला कंपनीने एक बारीक भोक ठेवलेलं असतं, ते या पाण्यासाठीच. त्यांचं भोक चिखलाने बुजलं होतं.

मागचा डबा बदलला, पुढचा पाइप ठीक होता. भोक साफ कसं ठेवायचं ते दाखवलं. “काका, आठवड्यातून एकदा भगूरपर्यंत किंवा सिन्नरपर्यंत मोकळ्या रस्त्याने जाऊन या. गाडीलाही बरं आणि तुम्हालाही.” नवा डबा बसल्यावर गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकी खाली करून कान लावला. सुरू आहे की बंद, ते कळेना. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचं असं समाधान मला गेली छत्तीस वर्षं पुरतंय.

सकाळी १०.३०

होंडा रॅम्पवर चढवली. आधी गळती शोधायची. सायलेन्सरच्या तोंडाला ओला फडका दाबून धरला आणि गाडी नुसती सुरू ठेवली. हेडरच्या फ्लँजमधून ‘फस् फस्’ ऐकू आलं. काजळीची काळी रेघही तिथेच होती. पुढे गळती असेल तर मागे कितीही चांगला डबा लावा, उपयोग नाही. गॅसकेट बदलली, फ्लँज घासून सपाट केली, नट टॉर्कने आवळले.

मग मधला डबा कापला. आत जाळीचा पाइप होता, आणि जाळीभोवती काही नव्हतं. जे ग्लासवूल भरलं होतं ते जळून, फुटून, धुराबरोबर उडून गेलं होतं. बाहेरून डबा चकचकीत, आतून रिकामं मडकं. रेसच्या गाड्यांचा आवाज वर्षभरात वाढतो तो बहुतेक यामुळे. मालकाला वाटतं इंजिन खुललं.

सायलेन्सर आवाज दोन तऱ्हांनी मारतो. एक जिरवून. जाळीतून आवाजाची लाट बाहेर पडते, लोकरीच्या लाखो तंतूंत शिरते, तंतू थरथरतात आणि तिची उष्णता होते. यात कर्कश, उंच सूर मरतात. दुसरी तऱ्हा अडवून. लाट अरुंद पाइपातून एकदम मोठ्या खोलीत आली की तिचा काही भाग उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या लाटेवर आदळतो. खोल्यांची लांबी नीट ठरवली तर त्या एकमेकींना खोडतात. यात खालचे, घुमणारे सूर मरतात. मोटर वाहन नियमांतल्या १२० व्या नियमात सायलेन्सरची जी व्याख्या आहे तिच्यातही ही खोली आहेच: विस्तार-कक्षाने किंवा अन्य रीतीने आवाज शक्य तितका कमी करणारं साधन.

मी मध्ये जिरवणारा डबा ठेवायचं ठरवलं आणि मागे अडवणारा.

सकाळी ११.१५

जाळीवर आधी स्टीलच्या लोकरीचा एक पदर गुंडाळला, तो आगीचा पहिला मार खातो. त्यावर लांब धाग्याचं ग्लासवूल. ते भरणं हे हाताचं काम आहे, पिंजाऱ्याने गादी भरावी तसं. सैल भरलं तर धूर ते उपटून नेतो. दाबून भरलं तर ते भिंतीसारखं घट्ट होतं आणि लाट आत शिरतच नाही. पोराने पहिल्यांदा ठोसून भरलं. मी काहीच बोललो नाही, वजन करायला लावलं. मग त्याने स्वतःच अर्धं बाहेर काढलं.

टोपणं बसवून आर्गॉनने टाके मारले. स्टीलचा पत्रा पातळ, त्याला साध्या वेल्डिंगने भोकं पडतात. आर्गॉनचा टाका नाण्यांची रास आडवी पाडल्यासारखा दिसतो, आणि आतल्या बाजूला लोंबत नाही. आत लोंबलेला प्रत्येक थेंब धुराला अडवतो, शिट्टी वाजवतो.

मालकाच्या मनात जी भीती होती ती त्याने आता बोलून दाखवली. “काका, आवाज मारला की पिकअप मरेल ना?” हा प्रश्न रास्त आहे. वाईट सायलेन्सर इंजिनाचा गळा दाबतो. म्हणूनच पाइपाचा व्यास मी कुठेही कमी केलेला नाही, वळणं चेपलेली नाहीत, आणि जाळीचा पाइप सरळ आहे. धूर आणि आवाज एकाच वाटेने येतात, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धूर वाहतो, आवाज त्यातून लाटेसारखा धावतो. वाहणाऱ्याला वाट द्यायची आणि धावणाऱ्याला गाठायचं, एवढंच आमचं शास्त्र. टर्बोवाल्या गाडीत ते इंजिनच करतं. धुराच्या जोरावर टर्बोचं चाक फिरतं, ताकद वाढते आणि आवाज उतरतो. २०१४ मध्ये फॉर्म्युला वनच्या गाड्या टर्बो झाल्या तेव्हा जगभरच्या प्रेक्षकांनी आवाज गेल्याची तक्रार केली. वेग मात्र गेला नाही.

दुपारी १.३०

डबा. भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी. शेडमधली सगळी यंत्रं बंद. या अर्ध्या तासात रेडिओसुद्धा नाही, हा माझा नियम आहे.

पोराने विचारलं, “उस्ताद, रस्त्याचं समजतं. पण ट्रॅक तर रेससाठीच असतो. तिथे कशाला आवाज मोजायचा?”

मी त्याला ब्रुकलँड्सची गोष्ट सांगितली. इंग्लंडमधला तो ट्रॅक १९०७ चा, गाड्यांच्या शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेल्या जगातल्या पहिल्या ट्रॅकांपैकी. भोवती राहणारे लोक आवाजाला इतके कंटाळले की १९२० च्या दशकात ते कोर्टात गेले. तेव्हापासून तिथे प्रत्येक गाडीला ठरावीक मापाचा सायलेन्सर सक्तीचा झाला, माशाच्या शेपटीसारखं चपटं तोंड असलेला. ‘ब्रुकलँड्सचा डबा’ म्हणून तो आजही ओळखला जातो. म्हणजे रेसच्या गाडीला सायलेन्सर ही गोष्ट आता शंभर वर्षांची आहे.

आणि हे जुनं झालं म्हणावं तर उत्तर इंग्लंडमधल्या क्रॉफ्ट ट्रॅकचं बघा. शेजारच्या कुटुंबाने दावा लावला, आणि २००९ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने मोठ्या आवाजाच्या शर्यती वर्षातून ४० दिवसांवर आणून ठेवल्या. कॅलिफोर्नियातल्या लगुना सेकावर ठरावीक दिवस सोडले तर ट्रॅकपासून पन्नास फुटांवर ९० डेसिबलच्या आसपास मर्यादा असते. तिथे जाणारे मेकॅनिक पाइपाचं तोंड मीटरच्या उलट बाजूला वळवतात.

एका गाडीचं ठीक. पण सारख्या आवाजाच्या दहा गाड्या एकत्र धावल्या की दहा डेसिबल वाढतात, वीस धावल्या की तेरा. म्हणून ट्रॅकवाले प्रत्येक गाडीला धरतात. आपल्याकडे ट्रॅक आहेतच किती? राष्ट्रीय शर्यती मुख्यतः चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईला नाहीतर कोइमतूरला होतात. मुंबई, पुणे, नाशिक, सगळीकडची पोरं हजार-हजार किलोमीटर गाडी वाहून नेतात. उद्या आपल्या बाजूला ट्रॅक व्हावा असं वाटत असेल, तर त्या गावच्या माणसाला रात्री झोप लागली पाहिजे. खेळ शेजाऱ्याच्या परवानगीवर चालतो.

दुपारी २.४५

पुतण्याचा फोन. तो इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला नोकरीला असतो, तिथे सकाळचे सव्वादहा. सुट्टी काढून ट्रॅकवर गाडी घेऊन गेला होता आणि गेटवरच अडकला.

“काका, शंभर पॉइंट आठ आली. इथे आज अठ्ठ्याण्णवची मर्यादा आहे. परत तपासायला अर्धा तास दिलाय.”

तिकडची पद्धत मला त्याच्याकडूनच कळली आहे. मीटर अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांत, आणि इंजिन त्याच्या कमाल फेऱ्यांच्या तीन-चतुर्थांशावर. मर्यादा जागेप्रमाणे आणि दिवसाप्रमाणे बदलते, ९८ पासून १०५ पर्यंत. शिवाय ट्रॅकच्या कडेला दुसरं मीटर असतं. धावताना त्यात जास्त आलात तर झेंडा दाखवून बाहेर काढतात.

तीन डेसिबल अर्ध्या तासात, हाताशी मोजकी हत्यारं. मी त्याला आधी कॅमेऱ्याने गाडीखालचा पाइप दाखवायला सांगितला. मधल्या जोडाला काजळी होती. “तो क्लँप सोड, पाइप अर्धा इंच आत घे, परत आवळ. मग मागच्या तोंडात बसणारी जाळीची नळी असेल कुणाकडे तर माग, आणि बोल्टने पक्की कर. नुसती खोचू नकोस, उडाली तर मागच्याच्या काचेत जाईल.”

तिकडच्या ट्रॅकवर माणसं एकमेकांना मदत करतात. नळी मिळाली. चाळीस मिनिटांनी निरोप आला: ९७.६. मी त्याला लिहिलं, “आजचा दिवस निघाला. घरी गेल्यावर डबा उघडून लोकर भर. तोंडात बूच घालणं हा उपचार नव्हे.”

दुपारी ४.००

बुलेटवाला मुलगा, असेल एकोणीस-वीस वर्षांचा. हातात चलन आणि मागच्या सीटवर बांधलेला कंपनीचा मूळ सायलेन्सर. गाडीला लावलेला फटाका सायलेन्सर पोलिसांनी काढून घेतला होता. राज्यातल्या कितीतरी शहरांत असे जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवला गेलाय.

“मामा, हा बसवून द्या. पण याने गाडीची मजाच जाते.”

मी त्याला बसायला स्टूल दिलं. त्या गाडीचा ठोका कुठून येतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एकच मोठं सिलिंडर, आणि इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकच स्फोट. ३००० फेऱ्यांना सेकंदाला पंचवीस ठोके. म्हणून तो संथ वाटतो. तो ठोका इंजिनाचा आहे आणि मूळ सायलेन्सरमधूनही ऐकू येतो. फटाका नवीन काही देत नाही, आतल्या भिंती आणि जाळी काढून टाकतो, बस्स.

पूर्वी मीही ते बनवत असे. पोकळ पाइप, वरून क्रोम, तासाभराचं काम आणि दुरुस्तीच्या तिप्पट पैसे. सोडलं, कारण त्यात कसब काही नव्हतं. आवाज वाढवायला कारागीर लागत नाही, हातोडी आणि छन्नी पुरतात. इंजिनाची ताकद तशीच ठेवून आवाज उतरवायला मात्र आयुष्य लागतं.

कायदा काय म्हणतो तेही त्याला सांगितलं. मोटर वाहन कायद्यातल्या १९० व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाखाली पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने निलंबित. पण दंडापेक्षा दुसरी गोष्ट त्याला लागली. दवाखान्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असतं. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. तो रोज रात्री बिटको दवाखान्यावरून घरी जातो. तो गप्प झाला. मग म्हणाला, “माझी आजी तिथेच होती मागच्या वर्षी.” बाकी बोलायची गरज उरली नाही. बसवणावळ घेतली नाही.

संध्याकाळी ५.१५

होंडा पुन्हा चेहेडीला. मधल्या डब्यावर १०४.३. मागचा तीन खोल्यांचा डबा जोडला: ९९.१. मालक टाळ्या वाजवायला लागला. मी त्याला गाडीत बसवलं आणि मोहदरी घाटाकडे घेतली.

२५०० फेऱ्यांवर गाडीत घूं घूं सुरू झालं. छातीत भरणारी घरघर, दहा मिनिटांत डोकं उठवणारी. मीटरवर हा आवाज फारसा दिसत नाही, कारण मीटरमध्ये माणसाच्या कानासारखी एक गाळणी असते. ती १०० हर्ट्झच्या सुरातून सुमारे १९ डेसिबल वजा करते. पण हाच खालचा सूर भिंतींतून आरपार जातो आणि दूरच्या घरात खिडकीची काच थरथरवतो. मीटर पास झालं म्हणजे काम झालं असं मानणारा मेकॅनिक इथे थांबतो.

चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेरीत दोन स्फोट. २५०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ८३. या एका सुराला मारायला मुख्य पाइपाला एक बंद तोंडाची फांदी जोडायची. तिची लांबी लाटेच्या पावपट. लाट फांदीच्या टोकाला आपटून परत येते तेव्हा बरोबर उलटी झालेली असते आणि स्वतःच्या भावंडाला खोडून टाकते. गरम धुरात आवाज हवेपेक्षा जोरात पळतो, पण फांदीतला धूर थोडा थंड असतो. हिशेबाने एक मीटर वीस सेंटिमीटर आले. मी एक तीस कापला. पाइप कापून कमी करता येतो, वाढवता येत नाही.

संध्याकाळी ७.००

तीन वेळा कापलं, तीन वेळा घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. एक मीटर सतरावर घरघर गेली. एकदम, कुणीतरी दार लावून घ्यावं तशी. मालकाने गाडी हळू केली आणि कितीतरी वेळाने बोलला, “काका, आता टायरचा आवाज येतोय.” ड्रायव्हरला टायरचा आवाज यायलाच हवा. रस्ता कुठे सुटतोय ते टायरच सांगतो.

घाट चढताना ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात लावलेल्या गेजवर दाब दोन पौंडांच्या आत राहिला. इंजिनाचा गळा मोकळा आहे. अंधार पडायच्या आत शेवटचं मोजमाप घेतलं: ९८.८. फांदीने मीटरवर जेमतेम ०.३ उतरवले, आणि गाडी मात्र बदलली.

मग मी पोराला वहीत एक हिशेब करायला लावला. ९८.८ अर्ध्या मीटरवर. एक मीटरला ९३, दोनला ८७, चारला ८१, आठला ७५, सोळाला ६९, बत्तीसला ६३, चौसष्टला ५७. वस्तीतली दिवसाची मर्यादा ५५. म्हणजे मोकळ्या जागेत ऐंशी मीटरवरच्या घराला या गाडीचा त्रास नाही. सकाळच्या १०८.६ ला तेच अंतर अडीचशे मीटरच्या आसपास जात होतं. आज दिवसभर आम्ही जे केलं ते एवढंच: या गाडीभोवतीचं त्रासाचं वर्तुळ एक-तृतीयांश रुंदीचं केलं. त्या मधल्या पट्ट्यात जी घरं येतील, त्यांतल्या माणसांना आम्ही कोण ते कधी कळणार नाही.

रात्री ९.३०

पंचवटी परतीची आली. स्टेशनबाहेर मुलीची वाट बघताना एक फटाका बुलेट सुभाष रोडच्या बाजूने गेली. रिक्षात झोपलेलं एक तान्हं दचकून रडायला लागलं. मुलीने गाडीवर बसता बसता विचारलं, “मफ घातले होते का?” घातले होते.

घरी आल्यावर वहीत आजची ओळ लिहिली: होंडा सिटी, १०८.६ ते ९८.८, दाब दोनच्या आत.

वाचकांना एकच विनंती. उद्या सकाळी गाडी सुरू केलीत की लगेच निघू नका. खाली उतरा, मागे पाच पावलं जा आणि मिनिटभर आपल्याच गाडीचा आवाज ऐका. फस्‌फस् ऐकू आली, घरघर ऐकू आली, तर जवळच्या सायलेन्सरवाल्याकडे जा. काम बहुतेक वेळा एका गॅसकेटचं नाहीतर एका टाक्याचं असतं. आणि घरात कुणी तरुण सायलेन्सर काढून टाकायचं म्हणत असेल, तर त्याला नुसतं रागावू नका, त्याला मीटर दाखवा. रेसच्या गाडीलाही शंभराच्या आत राहता येतं, हे आज आमच्या शेडमध्ये मोजून झालं आहे.